एकोणीस बोटं

नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं
अप्पांनी कोऱ्या नोटांतल्या चुका धरल्या.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, कोपरा तिरका.
नजरेआधी बोटालाच कळायचं, म्हणतात.
म्हणून पाथर्डी फाट्यावर, त्या पहिल्या मजल्यावर,
काचेच्या पेट्यांसमोर आम्ही त्यांनाच पुढे केलं.

कनकला खरं तर कुत्रा हवा होता.
तिच्या छातीला केस चालत नाहीत,
मांजर नाही, ससाही नाही.
उरला हा दाढीवाला सरडा,
कूळ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं,
जन्म मात्र सिडकोतल्या कुणाच्या तरी मागच्या खोलीत.

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला.
डोळे टक्क उघडे का, दोन्ही?
शेपटीच्या मुळाशी मांस आहे?
हात पुढे नेला की मान उचलतो?
मग बोटं, मोठ्यानं. पाच, पाच, पाच.
"याला चार."
भावंडानं चावलंय लहानपणी, विकणारा म्हणाला,
जखम भरलीय, हजार कमी द्या.
कनक त्याच्याकडेच बघत होती.
त्यानं एक पाय उचलला, हवेत हळूच गोल फिरवला,
एस्टीच्या खिडकीतून निरोप द्यावा तसा.

अप्पांनी शेजारचा उचलला. वीस बोटांचा.
नोंदणीचा कागदही उजेडाकडे धरून पाहिला,
सवयीनं.

घरी आल्यापासून तो दाजी.
बडदास्तही तशीच.
एक दिवा उन्हाचा, एक दिवा उबेचा,
आणि वीजबिल वाचताना माझ्या नवऱ्याचा चेहरा.

खाणं माझ्याकडे आलं.
पालक नको, हाडांना बरा नाही म्हणे.
बिल्डिंगमागच्या शेवग्याचा पाला,
लाल भोपळ्याचा कीस,
जास्वंदीचं एक फूल, देवांच्या वाट्यातून काढलेलं.
द्राक्षांच्या गावात राहून द्राक्ष आठवड्याला अर्धं, तेही चिरून.
हे सगळं तो बघतो, बघतच राहतो,
आणि रातकिड्यांची वाट पाहतो.

जिथे कधी अंडं आलं नाही
त्या माझ्या ओट्याखाली आता
पोह्यांच्या डब्याशेजारी भोकं पाडलेला एक डबा.
झाकण उघडताना मी अजून तोंड फिरवते.
पगार वहिनींनी दारातूनच विचारलं, "पाल पाळलीत?"
पाल नाही हो. पाल निदान चुकचुकते.
हा शब्दही काढत नाही.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतो ना आपण,
याची टीव्हीच्या स्टँडपर्यंत,
तिथून परत दिव्याखाली.

भरवतात अप्पाच, चिमट्यानं.
किडा पांढऱ्या भुकटीत घोळवायचा,
दाजीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराशी ताडायचा,
मोठा निघाला तर रद्द, परत डब्यात.
एक. दोन. तीन.
जीभ सटकन बाहेर येते आणि अप्पा किंचित मागे सरतात,
रोज, नव्यानं.

एक रातकिडा निसटला, फ्रिजमागे गेला.
तिसऱ्या रात्री गायला लागला.
मी झाडू घेऊन उठले तर अंधारात अप्पा बसलेले.
"राहू दे गं. सिन्नरला असायचे."
एवढंच.

मग डिसेंबरातला शनिवार, दिवसभर वीज नाही.
निफाडकडची थंडी फटीतून आत.
दाजी राखाडी पडला, दगडासारखा.
अप्पांनी त्याला स्वेटरच्या आत घेतला, बटणं लावली,
वरून फक्त एक काटेरी हनुवटी.
"त्या एकोणीसवाल्याचं काय झालं असेल?"
कनक वहीतून मान वर न काढता म्हणाली,
"तुम्हीच तर नको म्हणालात."

बरोबरच केलं होतं त्यांनी. सगळ्यांना माहीत आहे.
दाजी चांगला निघाला, खातो, वाढतो,
रागावला की दाढी काळी करतो.

सोमवारी सकाळी गॅलरीतून त्यांचा आवाज आला,
फोनवर, जरा जास्तच मोठा:
"नाही नाही, तक्रार नाही. सहज.
तो चार बोटांचा... हो, मागच्या पायाचा.
गेला का? कुठे?
ओझरला. बरं, बरं.
जेवतो का नीट?"

मग बराच वेळ
फोन नुसताच कानाला.